उठावानंतरचे हिशेब

(प्रस्तावना)

१८२५ च्या जुलै महिन्यात फ्रेंच नौदलाचा एक अधिकारी, बॅरन द माको, हैतीच्या पोर्त-ओ-प्रँस बंदरात उतरला. त्याच्याजवळ फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याचे १७ एप्रिलचे फर्मान होते. हैतीचे स्वातंत्र्य फ्रान्सला मान्य आहे, पण दोन अटींवर, असा त्याचा आशय. फ्रेंच जहाजांकडून हैतीने निम्मीच जकात घ्यायची, ही एक अट. दुसरी अट पैशाची होती: क्रांतीत ज्या फ्रेंच वसाहतवाल्यांची मालमत्ता गेली त्यांच्या भरपाईपोटी हैतीने १५ कोटी फ्रँक पाच वार्षिक हप्त्यांत भरायचे. माकोच्या पाठोपाठ आलेले आरमार धरून बंदरासमोर चौदा युद्धनौका होत्या आणि त्यांच्यावर पाचशेहून अधिक तोफा. राष्ट्राध्यक्ष झाँ-पिएर ब्वाये याने फर्मान स्वीकारले.

ही मालमत्ता कशी मोजली, तेही नोंदलेले आहे. १८२३ साली हैतीतून सुमारे ३ कोटी फ्रँकचा माल निर्यात झाला होता. त्यातला निम्मा खर्चापोटी वजा केला, उरलेल्या दीड कोटीला दहाने गुणले आणि मळ्यांची किंमत १५ कोटी धरली. पैसे वाटण्यासाठी नेमलेल्या आयोगाने पुढे सहा खंड छापले. कोणत्या मळेवाल्याच्या कोणत्या वारसाला किती रक्कम, याची ती यादी. मळ्याचे मोल त्यावर राबणाऱ्या गुलामांच्या संख्येवरून ठरत होते. ज्यांनी तेरा वर्षे लढून स्वतःला सोडवले होते, त्यांनाच आपल्या देहाची किंमत जुन्या मालकाच्या वारसांना मोजून द्यावी लागली.

पहिलाच हप्ता ३ कोटींचा. हैतीच्या तिजोरीत तेवढी रक्कम नव्हती, म्हणून पॅरिसच्याच सावकारांकडून ३ कोटींचे कर्ज काढले. हातात पडले २ कोटी ४० लाख. बाकीचे ६० लाख आधीच कापून घेतलेले. व्याज पूर्ण ३ कोटींवर. १८३८ साली उरलेली मागणी ६ कोटींवर आणली गेली आणि एकूण आकडा ९ कोटी झाला. वसाहतवाल्यांचे पैसे १८८० च्या दशकात फिटले, पण ते फेडण्यासाठी काढलेली कर्जे, आणि ती कर्जे फेडण्यासाठी काढलेली नवी कर्जे, यांची साखळी १९४७ पर्यंत चालली. १८८० साली स्थापन झालेल्या हैतीच्या राष्ट्रीय बँकेचे मुख्य कार्यालय पॅरिसमध्ये होते, एवढ्यावरून त्या देशाच्या पैशावर कोणाचा हात होता ते समजते.

या पुस्तकाचा विषय गुलामांचे उठाव हा असला, तरी त्याची सुरुवात मुद्दाम उठावापासून न करता या कर्जापासून केली आहे. उठावांच्या कथा बहुधा एका रात्रीच्या आगीपासून सुरू होतात आणि विजयापाशी किंवा वधस्तंभापाशी थांबतात. स्पार्टाकसच्या पराभवानंतर आपियन मार्गावर क्रूसावर चढवलेले ६,००० कैदी आपल्याला आठवतात. बसऱ्याजवळच्या खारट दलदलीत राबणाऱ्या झंज गुलामांचे ८६९ ते ८८३ असे चौदा वर्षे चाललेले बंड फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे त्या दलदलीत कोण राबले, लोकांनी पोट कसे भरले, जमीन कोणाकडे गेली, या प्रश्नांकडे आपण क्वचितच वळतो. उठाव करणाऱ्यांना काय हवे होते आणि उठावानंतर त्यांच्या पदरात काय पडले, हे दोन प्रश्न येथे शेजारी ठेवले आहेत. त्यासाठी हैतीइतके मोठे उदाहरण दुसरे नाही. गुलामांनीच मालकांना हाकलून स्वतःचे राज्य उभारले, असे जगाच्या इतिहासात एवढ्या एका ठिकाणीच घडले.

हैतीचे जुने नाव सँ-दोमँग. हिस्पानिओला बेटाचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा १६९७ च्या तहाने फ्रान्सकडे आला. त्यानंतरच्या शंभर वर्षांत ही जगातली सर्वांत श्रीमंत वसाहत झाली. १७८९ च्या सुमारास युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के आणि कॉफीपैकी सुमारे ६० टक्के येथून जात असे. वसाहतीत सुमारे ५ लाख गुलाम होते. गोरे ३० ते ४० हजार, आणि जवळपास तेवढेच मुक्त काळे व मिश्रवर्णीय लोक. यांतल्या काहींकडे स्वतःचे मळे आणि स्वतःचे गुलामही होते, हे लक्षात ठेवल्याशिवाय पुढचे राजकारण उलगडत नाही.

उसाच्या मळ्यावरचे काम महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. फडात कोयत्याने तोड, गाडीने चरकापर्यंत वाहतूक, मग रस, काहिलींची रांग आणि चुलवणात सतत ढकललेले चिपाड. तोडलेला ऊस लगेच गाळावा लागतो, म्हणून हंगामात चरक रात्रंदिवस चाले आणि माणसे पाळ्यांनी जागत. झोपेच्या गुंगीत चरकाला ऊस लावणाऱ्याचा हात रुळांमध्ये गेला, तर तो तोडण्यासाठी कॅरिबियनच्या कितीतरी गिरण्यांत कुऱ्हाड जवळच ठेवलेली असे. काहिलींतला उकळता रस अंगावर उडणे नित्याचे होते. मृत्यूंचे प्रमाण जन्मांपेक्षा इतके जास्त होते की संख्या टिकवण्यासाठी दरवर्षी आफ्रिकेतून जहाजे भरून माणसे आणावी लागत. क्रांतीच्या वेळी वसाहतीतल्या गुलामांपैकी बहुसंख्य आफ्रिकेत जन्मलेले होते, अनेक जण तर काही वर्षांपूर्वीच आलेले. त्यांच्यात काँगोच्या यादवी युद्धांत लढलेले सैनिक होते. उठावाची लष्करी शिस्त पाहून गोरे थक्क झाले. ती शिस्त कोठून आली याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

राजाने १६८५ साली काढलेला ‘काळा कायदा’ मालकांवर काही बंधने घालत होता, पण बेटावर ती कोणी पाळत नसे. पळून डोंगरात जाणारे नेहमीच होते. १७५० च्या दशकात माकांदाल नावाच्या अशाच एका फरारी गुलामाने विषप्रयोगाचे जाळे विणल्याचा आरोप झाला आणि १७५८ च्या जानेवारीत त्याला काप-फ्रांसे शहरात जिवंत जाळण्यात आले. १७९० साली मिश्रवर्णीय व्यापारी व्हँसाँ ओजे याने मुक्त लोकांच्या नागरी हक्कांसाठी शस्त्र उचलले. गुलामांच्या मुक्तीची मागणी त्याने केली नव्हती. तरीही फेब्रुवारी १७९१ मध्ये त्याची हाडे चाकावर मोडून त्याला मारण्यात आले. फ्रान्समध्ये माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा निघून तेव्हा दीड वर्ष झाले होते.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडच्या मैदानातल्या मळ्यांवरचे प्रतिनिधी गुप्तपणे जमले. ब्वा कायमाँ येथील वोडू विधी, पुरोहित बुकमन आणि सेसील फातिमान यांच्याभोवती नंतर पुष्कळ दंतकथा जमल्या आहेत. त्यांतले नेमके किती घडले यावर इतिहासकारांचे वाद चालू असतात. पण पूर्वतयारी झाली होती आणि ती करणारे कोण होते हे स्पष्ट आहे. ते मळ्यांवरचे मुकादम आणि गाडीवान होते. मुकादम स्वतः गुलामच, पण टोळीचे काम, वेळा, माणसांचा स्वभाव हे सारे त्याला ठाऊक असे. गाडीवानाला मळ्यामळ्यांतून फिरता येई. मालकाने ज्यांच्यावर सर्वाधिक भरवसा टाकला होता त्यांनीच २२ ऑगस्टच्या रात्री खूण केली. काही दिवसांत मैदानातले शेकडो मळे जळाले. बुकमन नोव्हेंबरात मारला गेला आणि त्याचे मुंडके शहरात टांगले गेले. उठाव थांबला नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस झालेल्या वाटाघाटींकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज त्यांत आहे. झाँ-फ्रांस्वा आणि ब्यासू या उठावाच्या सेनापतींनी वसाहतीच्या सभेकडे प्रस्ताव पाठवला: मोजक्या प्रमुखांना मुक्ती द्या, बाकीच्यांना आम्ही मळ्यांवर परत पाठवतो. सभेने तुच्छतेने नकार दिला. पण छावणीतल्या सामान्य लोकांची मागणी वेगळीच होती. आठवड्यातले तीन दिवस आमचे स्वतःचे, आणि चाबूक बंद. मळेवाले गुलामांना पोटापाण्यासाठी डोंगरउतारावर छोटे तुकडे देत, म्हणजे अन्नाचा खर्च वाचे. त्या तुकड्यात गुलाम रताळी, केळी पिकवत आणि उरलेले रविवारच्या बाजारात विकत. बायका हा बाजार चालवत. आयुष्यातला तेवढाच तुकडा आणि तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता. तीन दिवस मागणारे लोक तो तुकडा वाढवून मागत होते. स्वातंत्र्याची त्यांची कल्पना अगदी ठोस होती: स्वतःची जमीन, स्वतःचा वेळ, आणि पाठीशी मुकादम नको.

कायदेशीर मुक्ती आली ती युद्धाच्या रेट्यामुळे. स्पेन आणि इंग्लंड वसाहत गिळायला टपले होते, गोरे मळेवाले इंग्रजांना बोलावत होते. अशा वेळी फ्रेंच आयुक्त सोंतोना याने २९ ऑगस्ट १७९३ रोजी उत्तर प्रांतात गुलामगिरी संपल्याचे जाहीर केले. सेनेगालमध्ये जन्मलेला आणि एकेकाळी गुलाम असलेला झाँ-बातिस्त बेले प्रतिनिधी म्हणून पॅरिसला गेला, आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी फ्रेंच राष्ट्रीय सभेने सर्व वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. या ठरावाचे श्रेय पॅरिसच्या उदारमतवाद्यांना देण्याची प्रथा आहे. सभेने तो संमत केला हे खरे. पण जे सँ-दोमँगच्या मैदानात अडीच वर्षांपूर्वीच घडून गेले होते त्यावर तिने शिक्का मारला, असे मी म्हणेन.

मुक्तीच्या दुसऱ्याच दिवशी प्रश्न आला: ऊस कोण तोडणार? आयुक्त पोल्व्हरेल याने नियम केले. मुक्त झालेले लोक ‘शेतकरी’ म्हणून त्याच मळ्यावर काम करतील आणि त्यांना उत्पन्नातला वाटा मिळेल. सहा दिवस काम केले तर एक तृतीयांश वाटा. पाचच दिवस केले तर त्याच्या निम्माच. अनेक मळ्यांवर लोकांनी शनिवार आपल्याकडे ठेवला आणि निम्मा वाटा पत्करला. त्यांना पैशापेक्षा दिवस मोलाचा वाटला. बायकांना पुरुषांपेक्षा कमी वाटा ठरवला होता. त्यावर बायकांनी विचारले की काम सारखे, तर वाटा कमी का? आयुक्ताला या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यावे लागले. हे प्रकरण मुळातून वाचावे अशी माझी विनंती आहे. सेनापतींच्या चरित्रांत ते सापडत नाही.

तूसँ लूव्हेर्त्यूर ब्रेदा मळ्यावर जन्मला, तिथेच गाडीवान झाला आणि क्रांतीच्या पुष्कळ आधी मुक्त झाला. त्याचे मोठेपण वादातीत आहे. स्पेन, इंग्लंड आणि घरातले प्रतिस्पर्धी या सर्वांना पुरून उरलेला हा माणूस १८०१ पर्यंत संपूर्ण बेटाचा स्वामी झाला. त्याच्या राज्यघटनेत गुलामगिरी कायमची नष्ट झाल्याचे कलम होते. पण फ्रान्स पुन्हा चाल करून येणार, त्यासाठी बंदुका हव्यात, बंदुकांसाठी साखर-कॉफी हवी आणि साखरेसाठी मळे हवेत, असे त्याचे गणित होते. म्हणून त्याने शेतकऱ्यांना मळ्यांशी बांधले. मळा सोडून जाणे हा सैनिकाने पळून जाण्यासारखा गुन्हा ठरला. छोट्या तुकड्यांत जमीन विकायला बंदी घातली. पळालेल्या गोऱ्या मळेवाल्यांना परत बोलावले. ऑक्टोबर १८०१ मध्ये उत्तरेतले शेतकरी या व्यवस्थेविरुद्ध उठले. त्यांना सहानुभूती असलेला सेनापती मोईझ हा तूसँचा मानलेला पुतण्या. तूसँने त्याला गोळ्या घालून ठार करवले.

तूसँच्या चाहत्यांना हे प्रकरण अडचणीचे वाटते आणि अनेक चरित्रकार ते चार ओळींत संपवतात. १९३८ साली ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ लिहिणाऱ्या सी. एल. आर. जेम्स यांनी मात्र त्यावर बोट ठेवले, आणि तेथेच तूसँची त्याच्या लोकांपासून फारकत झाली असे दाखवले. मला ते पटते. तूसँचे गणित चुकीचे नव्हते. फ्रान्स खरोखरच चालून आला. पण ज्यांच्या जिवावर लढायचे त्यांनाच त्याने पुन्हा फडात ढकलले होते.

१८०२ च्या आरंभी नेपोलियनचा मेहुणा लक्लेर प्रचंड आरमार घेऊन आला. तूसँ जूनमध्ये दग्याने पकडला गेला आणि ७ एप्रिल १८०३ रोजी ज्युरा पर्वतातल्या फोर द जू या थंडगार किल्ल्यात मरण पावला. त्याचे सेनापती देसालिन आणि क्रिस्तोफ फ्रेंचांना मिळाले होते आणि काही महिने फ्रेंचांच्याच बाजूने लढले. त्या काळात लढाई जिवंत ठेवली ती डोंगरातल्या अनाम टोळ्यांनी. तेवढ्यात ग्वादलूप बेटावरून बातमी आली की तेथे गुलामगिरी परत आणली आहे. तेथे लुई देलग्रेस आणि त्याच्या साथीदारांनी शरण जाण्याऐवजी माटुबा येथे दारूगोळ्याला बत्ती देऊन स्वतःला उडवून दिले होते. मग सेनापती फ्रेंचांना सोडून परत फिरले. सानित बेलेर ही तरुण स्त्री अधिकारी ऑक्टोबर १८०२ मध्ये पकडली जाऊन मारली गेली. पिवळ्या तापाने फ्रेंच फौज पोखरली, लक्लेरही त्यातच गेला. १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हेर्तिएर येथे शेवटची लढाई झाली आणि १ जानेवारी १८०४ रोजी गोनाईव्ह येथे देसालिनने स्वातंत्र्य घोषित केले. बेटाला तेथल्या मूळ ताईनो रहिवाशांचे नाव परत दिले: हैती.

त्यानंतरच्या महिन्यांत देसालिनच्या हुकमाने बेटावर उरलेल्या बहुतेक फ्रेंच लोकांची कत्तल झाली, स्त्रिया आणि मुलेही त्यात होती. हे लपवू नये आणि लपवण्याचे कारणही नाही. पोलंडचे जे सैनिक फ्रेंच फौज सोडून हैतीच्या बाजूला आले होते त्यांना नागरिकत्व मिळाले, म्हणजे सरसकट कातडी पाहून मारणे झाले नाही. पण निःशस्त्रांना मारणे हे मारणेच होते. आक्षेप आहे तो एवढाच, की पुढची शंभर वर्षे युरोप-अमेरिकेतल्या लेखकांनी हैतीचा इतिहास म्हणजे ही कत्तल असे सांगितले आणि त्याआधीच्या शतकात मळ्यांवर संपलेली लाखो माणसे त्या हिशेबात धरली नाहीत.

स्वातंत्र्यानंतरचा हैती दुभंगला. देसालिनला १८०६ साली त्याच्याच अधिकाऱ्यांनी मारले. उत्तरेत क्रिस्तोफने राजा होऊन मळे सक्तीने चालवले आणि सिताडेल हा अवाढव्य किल्ला बांधून घेतला. दक्षिणेतला अध्यक्ष पेतियों याने सैनिकांना जमिनी वाटल्या. त्याने १८१६ साली सिमोन बोलिव्हारला शस्त्रे आणि आसरा दिला, आणि बदल्यात दक्षिण अमेरिकेतल्या गुलामांची मुक्ती मागितली. ब्वायेने देश पुन्हा एकत्र केला, पण फ्रान्सचे हप्ते अंगावर येताच १८२६ साली ग्रामीण कायदा काढून शेतकऱ्यांना परत मळ्यांशी बांधण्याचा प्रयत्न केला. तो फसला. लोक डोंगरात गेले, भावकीच्या सामाईक आवारांत वस्ती केली, ज्यांना तिथे ‘लाकू’ म्हणतात. स्वतःपुरते अन्न आणि विकण्यापुरती कॉफी पिकवली. साखरेचा धंदा क्युबाकडे गेला आणि त्यामुळे क्युबात गुलामांची आयात वाढली, ही या इतिहासातली फार कडू बाजू आहे. अर्थशास्त्रज्ञांनी हैतीच्या या छोट्या शेतीला अधोगती म्हटले. १७९१ च्या छावणीत तीन दिवस मागणाऱ्यांच्या बाजूने पाहिले, तर तिथल्या शेतकऱ्याने पहिल्यांदा आपली मागणी आपणच पुरी करून घेतली होती. पण कॉफीवरच्या निर्यातकरातून सरकार त्याच्याकडूनच फ्रान्सचा हप्ता काढत होते आणि त्याच्यासाठी शाळा, रस्ते बांधायला काही उरत नव्हते.

बाहेरच्या जगाने हैतीला वाळीत टाकले. अमेरिकेने त्याला मान्यता दिली ती १८६२ साली, स्वतःच्या यादवी युद्धात. १९१४ च्या डिसेंबरात अमेरिकन नौसैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतले ५ लाख डॉलरचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले आणि पुढच्या वर्षी देशच ताब्यात घेतला, तो १९३४ पर्यंत. २००३ साली राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद यांनी फ्रान्सकडे २१ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम परत मागितली. पुढच्या वर्षी त्यांची सत्ता गेली. १७ एप्रिल २०२५ रोजी, त्या फर्मानाला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला. पैसे परत करण्याचे आश्वासन त्यांनी दिले नाही.

हैतीच्या शेजारी जमैका ठेवून पाहावे. २७ डिसेंबर १८३१ रोजी तिथे उठाव झाला. बाप्तिस्त धर्मोपदेशक सॅम शार्प या गुलामाने आखलेली मूळ योजना साधी होती: नाताळची सुटी संपल्यावर मजुरी मिळाल्याशिवाय कामावर जायचे नाही. तो एक संप होता, मळे पेटले आणि त्याचे युद्ध झाले. तीनशेहून अधिक जणांना देहान्त शिक्षा झाली. शार्पला मे १८३२ मध्ये फाशी दिले. पण पुढच्या उठावात आपला हैती होईल ही धास्ती लंडनमध्ये बसली. १८३३ साली ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला आणि त्यासोबत २ कोटी पौंड मंजूर केले, ते मालकांना. मुक्त झालेल्यांच्या वाट्याला आणखी काही वर्षांची बिनपगारी ‘उमेदवारी’ आली. त्या २ कोटींसाठी काढलेल्या कर्जातून पुढे निघालेले रोखे ब्रिटनने अखेर २०१५ साली फेडले. म्हणजे त्या वर्षापर्यंत कर भरणाऱ्यांत गुलामांचे वंशजही होते.

मराठीत या विषयाची वाट नवी नाही. पेशवेकालीन कागदांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, त्यामुळे माणसाला किंमत लावणे ही केवळ दूरदेशची गोष्ट होती असे आपल्याला म्हणता येत नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात, आणि अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी निग्रो गुलामांची मुक्तता केली त्यांना ती अर्पण केली. पुण्यातल्या एका माणसाने शूद्रातिशूद्रांच्या दास्याची सांगड मिसिसिपीकाठच्या दास्याशी घातली, ही विलक्षण झेप होती. मुक्त करणाऱ्यांना जोतीरावांनी मान दिला. स्वतःला मुक्त करणाऱ्यांची कथा त्यांच्या अर्पणपत्रिकेशेजारी ठेवता आली तर ती त्यांना आवडली असती, असा माझा विश्वास आहे.

साधनांविषयी थोडे. सँ-दोमँगच्या गुलामांनी स्वतः लिहिलेले फार थोडे उरले आहे. आपण त्यांना ओळखतो ते मालकांच्या कागदांतून: हिशेबवह्या, न्यायालयीन जबान्या, आणि वसाहतीच्या वर्तमानपत्रांत फरारी गुलामांसाठी दिलेल्या हजारो जाहिराती. जाहिरातीत नाव, अंदाजे वय, छातीवर डागलेली अक्षरे, बोलता येणाऱ्या भाषा, कोणती कला अवगत आहे, असे सगळे असते. शोधून परत आणण्यासाठी लिहिलेला हा मजकूर म्हणजे आज त्या माणसांची जवळपास एकुलती एक चरित्रे आहेत. हैतीच्या स्वातंत्र्यघोषणेची हैती सरकारने छापलेली प्रत २०१० साली लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडली. मिशेल-रोल्फ त्रुयो या हैतीच्या विद्वानाने १९९५ साली दाखवून दिले की ही क्रांती घडत असतानाच समकालीनांना ती कल्पनेपलीकडची वाटली, आणि पुढच्या इतिहासलेखनात ती गाळली जाण्याचे मूळ त्यातच आहे.

शेवटचे प्रकरण मॉरिशसचे आहे. तेथे १ फेब्रुवारी १८३५ रोजी साठ हजारांहून अधिक गुलाम मुक्त झाले, मालकांना २० लाख पौंडांवर भरपाई मिळाली, आणि मुक्त झालेले लोक संधी मिळताच मळे सोडून गेले. नैऋत्येच्या ल मॉर्न डोंगरात त्यांचे पळालेले पूर्वज आधीपासूनच आसरा घेत आले होते. मळेवाल्यांनी भारताकडे पाहिले. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे करारावर तेथे नेली गेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या भागांतली मराठी कुटुंबे होती. गुलामांनी रिकाम्या केलेल्या झोपड्यांत त्यांना राहायला जागा मिळाली आणि त्याच फडात कोयता हाती आला. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी शिकतात आणि गणपती बसवतात. या माणसांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत: क्रमांक, नाव, बापाचे नाव, गाव, जात, जहाज, आणि पुढच्या काळातल्यांची छायाचित्रेही. गावांची नावे लिहिणाऱ्या परदेशी कारकुनांनी ती ऐकू आली तशी लिहिली आहेत, त्यामुळे कोकणातली गावे आणि वाड्या पाठ असलेल्या माणसालाच ती ओळखता येतील. ते काम मराठीतल्या एखाद्या तरुण संशोधकाने हाती घ्यावे. या पुस्तकात त्याची केवळ सुरुवात झाली आहे.